पांगायला वाट ठेव

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

विसर्जनाच्या बंदोबस्तात मशिदीजवळचा पॉइंट तुझ्याकडे आलाय, हे काल फोनवर घाईत सांगितलंस. फोनवर नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहिते.

मी हवालदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी हुकूम ऐकण्यात गेली. तू फौजदार आहेस, वेळ आली तर हुकूम तुला द्यावा लागेल. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२९) ठाण्याचे प्रभारी तिथे नसतील, तर उपनिरीक्षकही जमावाला पांगायला सांगू शकतो. बळ त्यानंतर, लोक हटले नाहीत तर.

पण लोकांनी पांगायचं कुठून, हे आधी बघ. मागे बॅरिकेड, दोन्हीकडे शटर पाडलेली दुकानं आणि समोर दंगा काबू पथक अशी कोंडी झाली, तर घरी जायला निघालेला पोरगाही दगड उचलतो. आदल्या रात्री जीपमधून नको, पायी मार्ग फिर. कुठला बोळ कुठे निघतो ते पाहून ठेव. रस्त्याकडेला विटा-खडीचा ढीग दिसला, तर महापालिकेच्या मागे लागून तो उचलून घे. रूट मार्चने लोकांना पोलीस दिसतात, एवढंच. गल्ली कळते ती चालून.

आणि माणसं ओळख. भिवंडीत १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल झाली, १९८४ ला पुन्हा. नंतर तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. नाहीतर आपल्या शांतता समितीच्या बैठका! तेच पुढारी, तोच चहा, तोच फोटो. तू मंडळाच्या कार्यकर्त्यांचे आणि मशिदीच्या ट्रस्टींचे नंबर घे, आणि काही घडायच्या आधी एकदा तरी फोन कर. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर आली की ती खोटी आहे हे त्यांच्या तोंडून गेलं पाहिजे. आपलं कोण ऐकतंय तेव्हा?

११ ऑगस्ट २०१२ ची मुंबईत आझाद मैदानावरची निषेध सभा तुला आठवत नसेल, लहान होतीस. गर्दी अंदाजाबाहेर गेली, गाड्या जाळल्या, दोघांचा जीव गेला, आपल्या महिला पोलिसांवर हात टाकले गेले. आयुक्त अरूप पटनायक स्वतः जमावात जाऊन बोलले, फोर्सला आवरून धरलं. पुढे त्यांची बदली झाली. त्यांच्या संयमाला नावं ठेवणारे आमच्यात खूप होते. मला तो संयम बरोबरच वाटतो; कमी पडला तो आधीचा अंदाज. पण त्या मुलींचं काय झालं तेही विसरू नकोस. तुझ्या हाताखालच्या पोरींना एकटीदुकटीला गर्दीच्या कडेला उभी करू नकोस. त्यांच्या बाथरूमची सोय कुठे, हे आधीच ठरव. ते कुणी ठरवत नाही, मग त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी चक्कर येते.

काही झालंच, तर धरपकड व्हिडिओ बघून कर, वस्ती बघून नको. दिसेल त्याला उचललं की केस कोर्टात टिकत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच गल्लीत तुलाच उभं राहायचंय.

बाबा विचारतायत, हेल्मेट तुझ्या मापाचं मिळालं का? नसेल तर आजच स्टोअरमधून बदलून घे.

तुझी,
आई