विषय: घरकामाला ‘ट्रेन्ड अँड व्हेरिफाइड’ बाई देतो म्हणून घेतलेली फी परत करा

मॅनेजर,

काल तुमच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोलून झालं, आता फोन नाही, लेखीच. माझा फॉर्म, पेमेंट, कॉल सगळं तुमच्या सिस्टीममध्ये आहे त्यामुळे पहिल्यापासून सांगत बसत नाही. एवढंच आठवण करून देते की फॉर्ममध्ये ‘विशेष सूचना’च्या रकान्यात मी स्वतः लिहिलं होतं, बाथरूममध्ये संगमरवर आहे, ॲसिड चालणार नाही, आणि घरात आईला दमा आहे, उग्र वासाचं काही वापरायचं नाही. दोनच ओळी होत्या. त्या कोणी वाचल्या का हो?

पैसे भरल्यावर पहिली बाई पाठवायला तुम्ही 24 दिवस लावले. ती तीन दिवस आली आणि मग फोनच उचलला नाही, तिचं मला काही म्हणणं नाही, तिला दुसरं काम मिळालं असेल. पण दुसरी पाठवायला आणखी 33 दिवस? आणि तुमची 90 दिवसांची रिप्लेसमेंट गॅरंटी पैसे भरल्यापासून मोजायची, काम सुरू झाल्यापासून नाही, हे पेमेंट करेपर्यंत कोणी बोललं नव्हतं. म्हणजे 90 पैकी 57 दिवस तुमच्या वाट बघण्यातच गेले.

दुसऱ्या ताई आल्या, स्वभावाने चांगल्या, वेळेवर यायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी बाथरूममध्ये नळाखालचा पिवळा डाग घालवायला टॉयलेट क्लीनर ओतला. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड पडलं की फसफसणारच, ते फसफसताना बघून त्या घाबरल्या आणि वरून ब्लीच ओतलं, वाटलं की धुऊन निघेल. टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे तुमच्या धंद्यातल्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे. बाथरूमचं दार बंद, खिडकी एवढीशी. मी आतल्या खोलीत होते, घसा खवखवायला लागला म्हणून बाहेर आले तर आई पॅसेजमध्ये भिंतीला धरून उभी, खोकला थांबेना, हातात इन्हेलर आणि तो दाबायलाही जमत नव्हतं इतका हात थरथरत होता. ताई बाहेर आल्या त्या डोळे लाल, पदर तोंडावर, आणि स्वतःला दम लागलेला असताना मलाच म्हणतात, ‘ताई माझ्याकडून चुकलं, कामावरून काढू नका.’ दारं खिडक्या उघडून आम्ही तिघी बाहेर जिन्यात बसलो. आईला दवाखान्यात न्यावं लागलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. फरशीवर ताटाएवढा पांढुरका, खरखरीत पट्टा राहिलाय. तो डाग नाहीये की पुसून जाईल, दगडाचा वरचा थरच गेलाय, आता घासून पॉलिश करण्याशिवाय उपाय नाही.

जिन्यात बसल्यावर मी ताईंना विचारलं, एजन्सीने ट्रेनिंग किती दिवस दिलं होतं. त्या म्हणाल्या, कसलं ट्रेनिंग, एक फोटो काढला आणि दोन ठिकाणी सह्या घेतल्या. याआधी त्या पॅकिंगच्या कामाला होत्या, लोकांच्या घरी कधी कामच केलं नव्हतं. आणि तुम्ही पाठवलेल्या प्रोफाइलवर काय आहे, पाच वर्षं अनुभव, दोन रेफरन्स तपासलेले. त्या दोन नंबरांवर मी त्याच रात्री फोन केला. एक बंद. दुसरा लागला तो ताईंच्या नणंदेचा, तिला तर कोणाचा कधी फोनच आला नव्हता.

आता कालचा कॉल. 40 मिनिटं होल्डवर ठेवून जो मुलगा बोलला त्याला मी हे सगळं शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, आम्ही फक्त मीडिएटर आहोत, नंबर देतो, पुढचा व्यवहार तुमचा आणि बाईचा.’ मी म्हटलं, मग व्हेरिफिकेशनची वेगळी फी कशाची घेतली? तर म्हणे ती प्रोसेसिंग फी आहे. मी म्हटलं पावतीवर व्हेरिफिकेशन लिहिलंय, वाचून दाखवू का. थोडा वेळ नुसता टायपिंगचा आवाज. मग म्हणाला, ‘नुकसान झालं असेल तर बाईच्या पगारातून कापून घ्या.’ मी म्हटलं तिला काही शिकवलं नाही तुम्ही, ती स्वतः गुदमरली, तिच्याकडून कसले पैसे घेऊ? त्यावर हा शांतपणे म्हणतो, ‘मॅडम, दोन बायका झाल्या, तुमच्याकडे कोणी टिकत नाही का? प्रॉब्लेम घरात पण असू शकतो.’

माझी आई दवाखान्यात होती आणि तुमचा माणूस मला विचारतो प्रॉब्लेम घरात आहे का. मी क्षणभर बोलूच शकले नाही. सुपरवायझरला द्या म्हटलं तर आज उपलब्ध नाहीत, आणि शेवटी काय, ‘तसंही तुमचे 90 दिवस काल संपलेत.’ घटनेनंतर चार कॉलमध्ये 26 दिवस तुम्हीच घालवलेत. व्हेरिफिकेशनची फी घेतलीत आणि व्हेरिफिकेशन केलं नाहीत, मी हे परत लिहितेय कारण चारही वेळा याचं उत्तर मिळालेलं नाही.

आणखी एक, ताईंच्या पहिल्या पगारातला अर्धा तुम्ही कमिशन म्हणून घेणार आहात हे मला त्यांच्याकडून कळलं. माझ्याकडून पण फी आणि तिच्याकडून पण? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा 2011 सालचा 189 क्रमांकाचा करार आहे, एजन्सीची फी घरकामगाराच्या पगारातून कापली जाऊ नये याची व्यवस्था सरकारांनी करायची असं त्यात लिहिलंय. तुमच्या ऑफिसात कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

वाईट याचं वाटतं की माझ्या बहिणीला आणि ऑफिसातल्या दोघींना तुमचं नाव मीच सांगितलं होतं, विश्वासाने. तिघींनाही मी आता हे सगळं सांगितलंय.

रजिस्ट्रेशन आणि व्हेरिफिकेशनची पूर्ण फी सात दिवसांत परत हवी, फरशीच्या पॉलिशचं बिल आणि दवाखान्याचं बिल सोबत जोडलंय तेही द्या. नाहीतर पावती, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आणि चारही कॉलच्या तारखा घेऊन मी ग्राहक तक्रार निवारणाकडे जाणार आहे, वकिलाशी बोलून झालंय. ताई माझ्याकडे कामाला राहणार आहेत, काय कशात मिसळायचं नाही ते मी त्यांना दाखवलंय, जे तुम्ही करायला पाहिजे होतं. त्यांच्या पगारातलं कमिशन मागायला तुमच्याकडून कोणी फोन करू नये. आणि उत्तर लेखी पाठवा, त्या मुलाचा फोन मी उचलणार नाही.