वळिवड्याच्या मेळाव्यामागील हातांचे आभार

वळिवडे छावणीच्या आठवणींचा मेळावा निर्विघ्न पार पडला, तो ज्यांची नावे निमंत्रणपत्रिकेत आली नाहीत अशा मंडळींमुळे. त्यांचे हे जाहीर आभार. १९४३ ते १९४८ या काळात, सैबेरियातून इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, कोल्हापूर संस्थानातील या छावणीत राहिले. त्यांनी येथे शाळा चालवल्या, नाटके बसवली, स्काउटची पथके उभारली. पुढे त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली आणि कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले आजचे गांधीनगर उभे राहिले.

भाषणे, खरे सांगायचे तर, थोडी लांबलीच; पाहुण्यांना धरून ठेवले ते दाल-पकवानाने. गांधीनगरातील ज्या आजींनी पहाटेपासून मैद्याच्या पाऱ्या लाटून, फुगू नयेत म्हणून प्रत्येकीला काट्याने टोचे मारून तळून दिल्या, त्यांनी आपले नाव पुकारू दिले नाही. आदल्या दिवशी पोलिश कबरींभोवतीचे गवत कापून दगडांवरील अक्षरे ओल्या फडक्याने पुसणारे काका, जुन्या छायाचित्रांच्या काचा लखलखीत करणारी महाविद्यालयीन मुले आणि ऐन वेळी आलेल्या पावसात खुर्च्या आत घेणारे मंडपवाले, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. काही स्टीलचे डबे आमच्याकडेच राहिले आहेत. ज्यांचे असतील त्यांनी कृपया घेऊन जावेत.