डबे पाठवणाऱ्यांनो, थँक्यू!

हात प्लास्टरमध्ये असताना ज्यांनी ज्यांनी डबे पाठवले त्या सगळ्यांना मनापासून थँक्यू, नावं घेत नाही कारण एखादं राहिलं तर कायमचे रुसाल. जेवण भारी होतंच पण खरी कमाल चिकटपट्टीवर तारीख लिहून पाठवणाऱ्या मैत्रिणीची, वर 'दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक, खाताना चांगली वाफ येईपर्यंत गरम कर' अशी ऑर्डर पण! आणि कुणीतरी झाकणं मुद्दाम सैल लावायचं, एका हाताने उघडता यावीत म्हणून, हे असं कुणाला सुचतं हो? शेजारच्या काकू तर बेल वाजवून पसार व्हायच्या (बरंच होतं म्हणा, गोळ्यांनी नुसती झोप यायची). डबे घासून ठेवलेत, आपापले ओळखून घेऊन जा.