सूर जागचा हलत नाही, म्हणूनच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘स्वान्स’ या न्यूयॉर्कच्या बँडच्या ‘बर्थिंग’ (२०२५) या अल्बमचं आपल्या पुरवणीतलं परीक्षण वाचलं. ‘तेच तेच वाजवून गाणी ताणली आहेत’ हा शेरा मला पटला नाही, आणि पुढे दिलेली ख्यालगायकीची उपमा तर मुळीच नाही. ख्यालात बढत सुरांची होते. इथे सूर एकाच जागी ठाण मांडून बसतो. वाढत जातो तो नुसता आवाजाचा थर. गिटारवर गिटार, त्यावर क्रिस्टॉफ हान यांचं लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार), खाली ड्रम्स. दहाव्या मिनिटाला कुठला आवाज कुठल्या वाद्याचा ते ओळखू येईनासं होतं आणि खरी मजा तिथून सुरू होते.

कॉलेजात मी बेस गिटार वाजवायचो. ‘स्वान्स’चा १९८३चा ‘फिल्थ’ हा अल्बम कुणाकडून तरी कॅसेटवर उतरवून घेतला होता. त्यात दोन बेस आणि दोन ड्रमर आहेत, हे उमगायलाच मला आठवडा लागला. घणाचे घाव घालावेत तसं संथ, जड वाजवणं. मग १९८७चा ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ मिळाला. त्यात गायिका जारबो यांचा आवाज आणि अकूस्टिक गिटार ऐकून आमचा ड्रमर ‘हे मऊ पडले’ म्हणत दोन दिवस धुमसत होता. म्हणजे बदलले तरी तक्रार, एका जागी थांबले तरी तक्रार!

१९९७मध्ये थांबवलेला बँड त्याचे संस्थापक आणि गायक मायकल जिरा यांनी २०१०मध्ये पुन्हा उभा केला. २०१२च्या ‘द सीअर’मधलं शीर्षकगीत तर अर्ध्या तासाच्या वर जातं. पण हे ताणणं नव्हे. जिरा अकूस्टिक गिटारवर एखादा साधा तुकडा आणतात आणि दौऱ्यात रोज वाजवता वाजवता तो फुगत जातो.

कबूल करतो, ‘बर्थिंग’मधलं पहिलंच ‘द हीलर्स’ इअरफोनवर ऐकताना आठव्या मिनिटाला मीही बंद केलं होतं. ते जवळपास बावीस मिनिटांचं आहे. रविवारी स्पीकरवर लावलं, तेव्हा मुलगी ‘बाबा, पंखा बिघडलाय का?’ विचारत आली आणि संपेपर्यंत दारातच उभी राहिली. (मधलं एखादं गाणं मलाही जड गेलं, तेवढ्यापुरता समीक्षकांशी सहमत.)

असा अजस्र आवाज पुन्हा करणार नाही, असं जिरा यांनी सांगून ठेवलंय. परीक्षणात ते यायला हवं होतं.

आणि एक विनंती. परीक्षणाखाली अल्बमची एकूण लांबी छापत जा. हा जवळजवळ दोन तासांचा आहे. गॅसवर दूध ठेवून ऐकायला बसण्यातला नाही.

आपला,
एक माजी बेसवादक