कडेकडेने नको, आई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

"या वयात सायकल शिकून ट्रॅफिकमध्ये घालायची काय गरज?" असं आई फोनवर म्हणाली आणि बाबा गप्प बसले. बाबांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो, म्हणून सगळं नीट लिहूनच काढते.

मी थेट रस्त्यावर गेले नाही. शिकवणाऱ्या बाईंनी आधी पॅडलच काढून टाकले. सीट इतकी खाली की दोन्ही पाय सपाट टेकावेत, आणि रिकाम्या मैदानात नुसते पाय मारत पुढे जायचं. बाबा, हे तुम्हाला आवडेल: १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइसने बनवलेल्या दुचाकीला पॅडल नव्हतेच, लोक तीही अशीच चालवायचे. तोल ज्या बाजूला जातो तिकडेच हँडल किंचित वळवायचं, हे अंगात भिनलं की पॅडल मारणं किरकोळ.

खरा वेळ खाल्ला तो मागे बघण्याने. मान वळली की हँडलही तिकडेच वळतं. मागे बघून, एक हात सोडून वळण्याचा इशारा करताना सायकल सरळ राहायला हवी. ते जमेपर्यंत बाईंनी रस्त्याचं नाव काढू दिलं नाही. ब्रेकचंही तसंच. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढचाच ब्रेक जास्त धरतो, पण एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पुढे जाईल. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब हळूहळू वाढवत.

आता आई, तुझा "कडेकडेने चालव" हा सल्ला. तो मी पाळत नाही. अगदी कडेला खडी असते, काचा असतात आणि उभ्या गाड्या असतात. त्यातलं एखादं दार अचानक उघडलं तर जवळजवळ मीटरभर जागा अडवतं. ताशी १५ किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटर पुढे सरकते, तेव्हा ब्रेकला हात जाईपर्यंत दार आलेलं असतं. म्हणून मी उभ्या गाड्यांपासून मीटरभर तरी लांब राहते. शिवाय कडेला चिकटलं की मागच्याला वाटतं, एवढ्या फटीतून आपण सहज निघू. रस्ता अरुंद असला तर मी सरळ लेनच्या मधोमध चालवते. हॉर्न वाजतात. वाजू देत, वाजवणाऱ्याला मी दिसलेय एवढं तरी कळतं.

तुम्हाला मागून येणाऱ्या गाडीची भीती वाटते, मला चौकांची जास्त वाटते. ट्रक किंवा बस वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, आणि नेमकी ती बगल चालकाला दिसत नाही. सिग्नलला तिथे कितीही मोकळी फट दिसली तरी मी शिरत नाही, मागेच थांबते. आरशात मला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्याला मी दिसत नाही, असंच धरून चालायचं.

हेल्मेट असतं, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवाही आहे. पावसात रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, त्यांच्यावर मी वळत नाही. फार मोठा चौक आला तर उतरते आणि सायकल हातात धरून चालत ओलांडते. लोक बघतात, बघोत.

आणि सायकलवर असताना कानात काही घालत नाही, फोनही उचलत नाही. तेव्हा आई, रिंग वाजत राहिली तर लगेच बाबांना उठवू नकोस. पोचल्यावर मीच फोन करीन.

तुमची लेक