संत्र्याची फोड आणि अल्सरचं जुनं ऑपरेशन

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत चोथायुक्त आहाराचे फायदे सांगणारा लेख वाचला. सल्ला चांगलाच आहे. पण काही माणसांच्या आतड्यात हाच चोथा अडकतो आणि जिवावर बेततं, हे त्यात यायला हवं होतं. सर्जरीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. आता वरूडला राहते. इथे आंबिया बहाराची संत्री निघाली की घरोघरी टोपल्या भरलेल्या असतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

1970-80च्या दशकांत अल्सरसाठी पोटाचं ऑपरेशन सर्रास व्हायचं. जठराचा काही भाग काढत, किंवा आम्ल कमी व्हावं म्हणून त्याकडे जाणारे मज्जातंतू कापून जठर थेट लहान आतड्याला जोडत. पुढे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या आणि ती ऑपरेशनं मागे पडली. पण ज्यांची झाली, ती माणसं आज सत्तरीपुढची आहेत, बऱ्याच जणांचे दातही गेलेत. अशा जठरात आम्ल कमी, अन्न घुसळलं जात नाही आणि खाली उतरायची वाट मात्र रुंद. न चावता गिळलेली संत्र्याची फोड पापुद्र्यासकट तशीच पुढे सरकते आणि लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात बुचासारखी बसते. कधी जठरातच चोथ्याचा गोळा साठतो. डॉक्टर त्याला फायटोबेझोअर म्हणतात. जुन्या मधुमेहात जठर मंदावतं, त्यांनाही हा धोका असतो.

आमच्याकडे आलेले एक आजोबा मला विसरता येत नाहीत. पोट फुगलेलं, हिरवट उलट्या, गॅस सरणं बंद. घरच्यांनी बद्धकोष्ठ समजून आधी इसबगोल दिलं, मग एरंडेल. आतडं बंद असताना जुलाबाचं औषध देणं घातक, कारण अडलेल्या जागेच्या वर ताण वाढून आतडं फाटू शकतं. इसबगोल तर पाणी शोषून फुगतं. पोटावर अल्सरच्या ऑपरेशनचा उभा व्रण होता, पण तो सांगायचं कुणाला सुचलं नाही. सीटी स्कॅनमध्ये गोळा दिसला. सर्जननी आतडं न कापता तो बोटांनी हळूहळू चेपत मोठ्या आतड्यात ढकलला. मग सगळं आतडं आणि जठर चाचपून पाहिलं, कारण दुसरा गोळा मागे राहिला तर पुन्हा तेच. आजोबा चालत घरी गेले. उशिरा आलेले सगळेच असे जात नाहीत.

हल्ली मोबाइलवर ‘कोका-कोला प्या, गोळा विरघळतो’ असं फिरतं. त्यात तथ्य आहे. 2002 साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी जठरातल्या गोळ्यांवर कोला वापरून तसं दाखवलं आणि आजही साधारण तीन लिटर कोला बारा तासांत देतात, उरलेला गोळा दुर्बिणीतून फोडतात. पण हा इलाज जठरातल्या गोळ्याचा आणि रुग्णालयात करायचा. लहान आतडं बंद असताना तोंडाने काहीच द्यायचं नसतं. शिवाय अर्धवट मऊ झालेला तुकडा जठरातून निसटून आतड्यात अडकू शकतो. घरी बाटली आणून हा प्रयोग कुणीही करू नये, ही माझी कळकळीची विनंती.

संत्री बंद करा असं मी म्हणत नाही. आमचं पोटच त्यावर आहे. अल्सरचं जुनं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा जुना मधुमेह असलेल्यांनी रस घ्यावा, किंवा फोड सोलून, नीट चावून खावी आणि पापुद्रा थुंकावा. इसबगोल घेणाऱ्यांनी पेलाभर पाण्यासोबतच घ्यावं. उलट्या होत आहेत, पोट फुगलंय आणि गॅसही सरत नाही, अशा वेळी औषधाच्या दुकानात न जाता सरळ रुग्णालय गाठावं आणि पोटावरचं जुनं ऑपरेशन न विचारता सांगावं.

दिवाळीच्या सुमारास संत्री बाजारात येतात. त्याआधी पुरवणीत एवढी चौकट ठळक छापाल का?

– एक निवृत्त परिचारिका, वरूड (जि. अमरावती)