झरा पाय धुण्यासाठी नव्हे

महोदय,

कॅलिफोर्नियातील माउंट शास्तावरच्या तंबूतील मुक्कामाचा लेख रविवार पुरवणीत वाचला. वर्णन झकास, पण 'झऱ्यात पाय सोडून बसलो, थकवा पळाला' हे वाक्य खटकले. तिथल्या पँथर मेडोज या कुरणातला तो झरा विनेमेम विंटू या आदिवासींच्या श्रद्धेनुसार त्यांच्या पूर्वजांचे उगमस्थान आहे. आजही ते तेथे विधी करतात.

सुमारे साडेसात हजार फुटांवरची तंबूंची जागा अगदी साधी: नळ नाही, गाडी खाली ठेवून सामान पाठीवर न्यायचे, तीन रात्रींहून अधिक मुक्काम नाही. बरेच महिने बर्फाखाली असणारे तिथले गवत एकदा तुडवले की भरून यायला वर्षे लागतात. मी गेलो तेव्हा झऱ्याच्या तळाशी स्फटिक आणि नाणी चमकत होती. काही जण रक्षाही सोडतात. वनखाते हे करू नका म्हणून सांगते. पण पुलावरून नदीत नाणे टाकणाऱ्या आपल्याला त्यात वावगे वाटत नाही, ही खरी अडचण.

लेखात रस्ता, थंडी, पोहे सगळे आले. झरा ज्यांचा, त्यांचे नाव मात्र एकदाही नाही. पुढच्या भागासोबत तेवढी चौकट छापावी.

— एक वाचक, सॅन होजे